सहा वर्षांनंतरचं वय

दादा गेला तो ऑफिसात, दुपारी, खुर्चीतच. अकोल्याच्या एका सरकारी कचेरीत तो बाबू होता. वहिनीला त्याच्या जागी अनुकंपेवर नोकरी मिळण्यासारखी होती, पण दहावीचा दाखला हवा होता, आणि गणितात नापास झाल्यावर तिची शाळा सुटली होती. माहेर अंजनगाव सुर्जीचं, घरचा भाजीमळा; शाळा सुटल्यावर ती मळ्यात राबली आणि मग लग्न होऊन आमच्या घरात आली. मूलबाळ झालं नाही.

मी अमरावतीला शाळेत गणित शिकवते. म्हणून दर रविवारी सकाळच्या एसटीनं अकोल्याला जायला लागले. बाकीचे विषय वहिनी स्वतःच वाचायची. बीजगणितापाशी मात्र अडायची.

"ताई, बाजू बदलली की चिन्ह काहून बदलते?" पहिल्याच दिवशी तिनं विचारलं.

समोर होतं तीन एक्स अधिक सात बरोबर पंचवीस. मी म्हटलं, "बाजू-बिजू काही बदलत नाही, वहिनी. इकडचे सात काढले, म्हणून तिकडचेही सात काढले. राहिले अठरा."

तिनं कागद जवळ ओढून सातवर बोट ठेवलं. "म्हणजे सात तिकडं गेलेच नाईत. मंग शाळेत आमाले खोटं काहून सांगत होते?"

त्या दिवसापासून तिची गाडी चालू लागली. कंस सोडवणं, सजातीय पदं एकत्र करणं, सगळं जमलं. हात मळ्यातले, अक्षर मोठं. एकेक ओळ एकाखाली एक, बरोबरची चिन्हं सरळ रेषेत. स्वयंपाकघरात कुकर लावून ती पलंगावर येऊन बसायची, आणि त्या तासाभरात आम्ही दोघी दादाचं नाव काढत नसू.

मग शाब्दिक उदाहरणं आली. पती पत्नीपेक्षा चार वर्षांनी मोठा आहे. सहा वर्षांनंतर दोघांच्या वयांची बेरीज ऐंशी होईल. तर आजची वयं काढा.

वहिनीनं पत्नीचं वय एक्स मानलं, पतीचं एक्स अधिक चार. उत्तर आलं पस्तीस. पुस्तकात होतं बत्तीस. मी तिची मांडणी पाहिली. पत्नीच्या वयात तिनं सहा मिळवले होते. पतीचं वय तसंच ठेवलं होतं.

"वहिनी, नवऱ्याचे सहा राहिले."

"त्याईचं काहून वाढीन, ताई?" ती सहज म्हणाली. मग तिचं तिलाच कळलं, आणि पेन तिथंच थांबला.

दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. अजून तीन वर्षं भरायच्या आतच मी त्याच्याएवढी होईन आणि मग त्याच्या पुढे जाईन, हे मला तिथं बसल्या बसल्या पहिल्यांदा समजलं. आत कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या, उठलं कोणीच नाही.

शेवटी मीच म्हटलं, "हे राहू द्या. वयाची उदाहरणं सोडली तरी पास व्हाल."

"नाई," ती म्हणाली. तिनं ओळ खोडली, खाली नवी लिहिली, नवऱ्याच्या वयात सहा मिळवले आणि बत्तीस काढून कागद माझ्यापुढे केला. वरण करपलं होतं. आम्ही तेच जेवलो.

वहिनी पास झाली, गणितातही. ऑर्डर यायला पुढे बरेच महिने गेले. त्याच कचेरीत शिपाई म्हणून लागली. रविवार थांबले, मी काही कारण काढून दोनदा गेले, पण शिकवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

कामावर लागल्याच्या पहिल्याच आठवड्यात तिचा फोन आला. मी शाळेत होते.

"त्याईच्या टेबलावर एक नवी पोरगी आली हाय," ती म्हणाली. "चांगली हाय. मले काकू म्हणते. सकाळी टेबल पुसून पाणी ठेवते मी."

"त्रास होत असेल तर दुसरीकडे मागून घ्या ना, वहिनी."

"नाई. दुसरीकडं काहून जाऊ?"

आणि मग ती रडायला लागली. दादा गेल्यापासून तिला रडताना मी ऐकलं नव्हतं. तास सुरू झाल्याची घंटा वाजली, वर्गातली पोरं दारातून डोकावू लागली. मी भिंतीकडे तोंड करून फोन कानाशी धरून उभी राहिले.