छत्रीवाला, मिशीवाला आणि आत्याचे नवे कान

आमची आत्या लोकांना गाडी चालवायला शिकवते. तिच्या गाडीला दोन ब्रेक, दोन क्लच आणि शिकवणारी एकच, पण आवाज तीन. "क्लच सोडा, सोडा, सोडा... अहो, सोडा म्हणजे फेकून नका देऊ! पाहुण्याला दारापर्यंत पोचवतात तसा सोडा!" हा पहिला. दुसरा गाडी बंद पडल्यावरचा, एकदम मधाळ: "काही हरकत नाही. गाडी आहे, रुसते कधीकधी." तिसरा मागून कुणी हॉर्न वाजवला की खिडकीतून बाहेर जाणारा. तो इथे लिहिता येणार नाही, कारण आई हे वाचणार आहे.

शिकाऊ लोकांचे हातपाय सैल पडावेत म्हणून ती गाडीत गाणी लावायची. गाडी जुनी, त्यामुळे सीडी घालायची खाच अजून शाबूत होती. अल्बमची नावं मात्र आत्याच्या कधी लक्षात राहिली नाहीत. कव्हरवर जे दिसेल त्याने हाक मारायची. बंद छत्री घेऊन उभा असलेला माणूस तो छत्रीवाला. त्यात एक व्हायोलिन, मागे एक पियानो, बाकी कुणी नाही. हा आत्याचा जीव की प्राण. मिशीवाला म्हणजे नुसते ड्रम. कव्हरवर वाजवणाऱ्यापेक्षा त्याच्या मिशाच जास्त. तो बाबांचा लाडका. आत्या त्याला "जिन्यावरून पडणारी ट्रंक" म्हणायची. आणि रिकामी खुर्ची म्हणजे एका बाईंचा नुसता गळा, साथ नावापुरती. तो आईचा, भांडी घासताना ऐकायचा.

गेल्या वर्षी आत्याला ताप आला. ताप गेला, पण जाताना दोन्ही कानांतलं बरंच काही घेऊन गेला. डॉक्टरांनी औषधं दिली आणि वाट बघा म्हणाले. आम्ही वाट बघितली. गेलेलं काही परत आलं नाही, म्हणून मग कानामागे लावायची यंत्रं आली, शेंगदाण्याएवढी.

पहिल्या दिवशी सगळे तिच्यासमोर उभे राहिलो, फोटो काढायला उभं राहावं तसे. अप्पा म्हणजे माझे आजोबा, आत्याचे वडील. त्यांनी घसा साफ केला. "पोरी, येतंय का ऐकू?"

"येतंय अप्पा. पण तुम्ही बदक का झालात?"

"ताई, चहा ठेवू का?" आईने विचारलं.

"ठेवा वहिनी. अरे, तुम्हीही बदक!"

बाबांनी तोंड उघडण्याआधीच ती म्हणाली, "दादा, तू नको बोलूस. तू आधीपासूनच होतास."

आम्ही हसलो. शब्द कळत होते, हे महत्त्वाचं होतं. शब्द कळले म्हणजे पुन्हा गाडी शिकवता येणार होती.

त्याच दुपारी ती गाडीत जाऊन बसली. मी मागच्या सीटवर. तिने छत्रीवाला लावला, डोळे मिटले, थोडा वेळ ऐकलं आणि बंद केला.

"काय झालं?"

"सुतार आलाय," ती म्हणाली. "करवत घेऊन. आणि मागे कुणीतरी भांडी आपटतंय."

मी फिस्सकन हसले. तीही हसली, पण किल्ली हातात तशीच धरून बसली. मग म्हणाली, "टेप," (मला ती टेप म्हणते, ऐकलं की मी लगेच वाजवून दाखवते म्हणून) "कान पूर्ण गेले असते ना, तर निदान आठवून ऐकलं असतं. हा अल्बम मला सगळा पाठ आहे. पण आता आठवायला गेले की हा सुतार मधे येतो. तो आतलंही घेऊन जाईल अशी भीती वाटते."

मी घरी येऊन हे सगळं जसंच्या तसं करून दाखवलं, करवतीसकट. नेहमी माझ्या नकलेला हशा मिळतो. त्या दिवशी कुणी हसलं नाही. बाबा उठले, तिन्ही सीडी आणि रेडिओ माळ्याजवळच्या उंच कपाटात ठेवले, कपाट बंद केलं आणि म्हणाले, "ठरलं. ती घरात असताना गाण्याचं नाव काढायचं नाही. तिच्या जखमेवर कशाला बोट?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. अप्पांना शिट्टी वाजवल्याशिवाय दाढी करता येत नाही. त्या आठवड्यात त्यांच्या हनुवटीवर कापसाचे बोळे दिसायला लागले. आई भांडी घासताना ओठ घट्ट मिटून घ्यायची, जणू तोंडात पाणी धरलंय. बाबा तर टेबलावर बोटं वाजवतानाही दचकायचे आणि हात खिशात घालायचे.

इकडे आत्या कामावर परत गेली. तिच्या शिकाऊंमध्ये एक बँकेतले काका होते. निवृत्त झाल्यावर गाडी शिकायची हौस आलेले. आत्याने काहीही सांगितलं की, "हो हो हो हो, कळलं मॅडम, कळलं," आणि मग खाली वाकून, "हे कुठलं?"

संध्याकाळी आमचा एक खेळ असायचा. आत्या डोळे मिटून बसायची आणि मी माणसं करायचे. तिने ओळखायचं. पहिल्यांदा मला वाटलं, सगळेच बदक तर काय डोंबल ओळखणार. पण बँकेतले काका तिने "हो हो" वरच ओळखले. समोरच्या शिंपीणबाई ओळखल्या, ज्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी "म्हणजे बघा" म्हणतात आणि पुढे काहीच दाखवत नाहीत. बाबांना तर मी त्यांच्यासारखा नुसता श्वास घेतल्याबरोबर ओळखलं.

"आवाज नाही गं कळत," ती म्हणाली. "माणूस कुठे अडतो, कुठे धावतो, ते कळतं. तेवढं पुरतं."

पण हळूहळू ती गप्प होत गेली. जेवताना यंत्र काढून बघायची, पुसायची, परत लावायची. शेवटी एक दिवस म्हणाली, "टेप, चल माझ्याबरोबर. कान दाखवून येऊ. काहीतरी बिघडलंय."

कान तपासणारे गृहस्थ हा एक नमुना होता. भिंतींना जाड गाद्या लावलेल्या खोलीत बसतात आणि बोलतात असं, की धडधाकट माणसानेही पुढे सरकून बसावं. वाक्य सुरू छान करतात आणि शेवट गिळून टाकतात. "मॅडम, आपण आता एक छोटीशी टे... मग बघू काय ते... हात वर करा, ऐकू आलं की..."

"मोठ्याने बोला की जरा," आत्या म्हणाली. "मी इथे ऐकायला आलेय."

त्यांनी तपासलं. कागद समोर धरला. "काही फरक ना... होतं तसंच आहे..."

"मग घरात का चालत नाही?" आत्याने विचारलं. "गाडीत चालतं. रस्त्यावर चालतं. घरात शिरले की काही आवाज गायब होतात. अप्पांची शिट्टी येत नाही. वहिनीचं गुणगुणणं येत नाही. दादा ताल धरतो टेबलावर, तो येत नाही. म्हणजे जेवढं गाण्याच्या बाजूचं आहे तेवढं सगळं गेलं. अजून गेलं. बरोबर ना?"

तिचा आवाज अगदी सरळ होता. बिल विचारावं तसा. इतके दिवस ती हे एकटीच मनात मोजत बसली होती.

गृहस्थांनी कागदाकडे बघितलं, आत्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"टेप," आत्या म्हणाली, "तुझं तोंड का असं झालंय?"

मग मी सांगून टाकलं. कपाट, रेडिओ, कापसाचे बोळे, सगळं. त्या गृहस्थांनी पहिल्यांदाच एक वाक्य शेवटपर्यंत नेलं: "अहो, हे अगदी उलट केलंत!" आणि मग परत गिळायला लागले. त्यातून जे हाती लागलं ते असं: यंत्र बोलण्यासाठी बनवलेलं असतं, गाण्यासाठी त्यात वेगळी सोय करून देतो, पण नव्या आवाजाची ओळख डोक्याला करून घ्यावी लागते, ती ऐकूनच होते, जे पाठ आहे ते ऐका, रोज थोडं, सोपं आधी. सगळं पूर्वीसारखं होईल असं सांगता येत नाही.

घरी येताना आत्याने गाडी फारच हळू चालवली. ती चिडली की असंच करते.

"दादा, कपाट उघड," ती दारातूनच म्हणाली.

"अगं, तुला त्रास होऊ नये म्हणून..."

"त्रास माझा आहे ना? मग मला दे. तू कशाला कपाटात ठेवून घेतलास?"

बाबा स्टूल आणायला गेले. तेवढ्यात आत्या वळली. "अप्पा, शिट्टी."

"आत्ता? दाढी तर झाली माझी."

"बिनदाढीची वाजवा."

अप्पांनी ओठांचा चंबू केला. घाबरल्यामुळे आधी नुसती हवा आली, मग सूर लागला. आत्या मान वाकडी करून ऐकत राहिली.

"कुकर," ती म्हणाली. "पण आमच्याच घरचा कुकर."

अप्पा मग थांबेचनात.

तिथून आत्याचं अल्बमचं वर्ष सुरू झालं. सोपं आधी, म्हणून मिशीवाला. आणि काय सांगू, ड्रम तिला स्वच्छ कळले! कुठला जाड, कुठला बारीक, कुठला डावीकडचा. बाबांची कॉलर ताठ.

"ट्रंक ना ती? जिन्यावरून पडणारी?"

"ट्रंकच आहे," आत्या म्हणाली. "पण आत सामान नीट लावलंय, हे आत्ता कळलं."

मिशीवाला गाडीत वाजायला लागला आणि बँकेतले काका सुसाट सुटले. "हो हो हो हो, मॅडम, मी काही करत नाहीये, पायच आपोआप..." आत्याला तिच्या बाजूचा ब्रेक एवढा दाबावा लागला, की तिने त्यांच्यापुरता ड्रमचा आवाज कमी ठेवला.

मग रिकामी खुर्ची. याला मात्र बरेच महिने लागले. आई ओट्यापाशी, आत्या शेजारी पाय दुमडून खुर्चीवर. सुरुवातीला त्या बाई आत्याला नुसत्या तक्रार करत असल्यासारख्या वाटायच्या. आई आधी ओळ म्हणून दाखवायची, मग सीडीवरची ओळ लावायची, परत स्वतः म्हणायची. कंटाळा यायचा. आत्या दोन दिवस दांडी मारायची आणि तिसऱ्या दिवशी परत येऊन बसायची. आणि एका सकाळी ती एकदम ताठ झाली.

"वहिनी! बाई वर गेल्या!"

"गेल्या," आई म्हणाली, हातात साबणाचा फेस तसाच.

अप्पांनी पेपर खाली केला. "कोण गेलं?"

त्यावर दोघी ज्या हसत सुटल्या, की अप्पांना कुणी काही समजावूनच सांगितलं नाही. ते दिवसभर शेजारपाजारी चौकशी करत होते.

छत्रीवाल्याला मात्र तिने हात लावला नाही. सीडी गाडीच्या दाराच्या कप्प्यात पडून होती. बाबा अधूनमधून विषय काढायचे. एकदा ती म्हणाली, "डोक्यात अजून थोडा शिल्लक आहे तो, दादा. थोडा म्हणजे अगदी पुसट. आत्ता लावला आणि परत सुतारच निघाला, तर तेवढाही जाईल. राहू दे." त्यानंतर बाबांनी विषय काढला नाही.

मग बँकेतले काका परीक्षा पास झाले. तिसऱ्या खेपेला, पण झाले. त्यांनी हट्टच धरला की आज मॅडमना मी फिरवून आणणार, विद्यार्थी म्हणून नाही, ड्रायव्हर म्हणून. आत्या तिच्या नेहमीच्या जागी बसली. मी मागे. निघण्याआधी काकांनी दाराच्या कप्प्यात हात घातला.

"आज मिशीवाला नको, मॅडम. पाय भरकटतात. हे छत्रीवाले कोण? सज्जन दिसतात." आणि सीडी खाचेत सरकवून गाडी रस्त्याला घेतलीसुद्धा.

व्हायोलिन सुरू झालं.

आत्याचा पाय तिच्या ब्रेकवर गेला. गाडी रस्त्याच्या कडेला थांबली, अगदी अलगद. काकांनी तोंड उघडलं, आत्याचा चेहरा बघितला आणि मिटलं. तिचा हात बटणाकडे निघाला होता, पण वाटेतच थांबला. मी मागून तिची फक्त मान बघू शकत होते.

पहिलं गाणं संपलं. दुसरं लागलं. काकांनी एकदा मागे वळून भुवया उडवल्या. मी खांदे उडवले. आत्याची मान जराही हलत नव्हती. मला कळलं की सुतारच चाललाय, आणि तरी ती त्याला बाहेर काढत नाहीये.

तिसरं गाणं अर्ध्यावर आलं असेल.

"थांबा," आत्या म्हणाली. गाडी तर थांबलेलीच होती. "इथे तो चुकतो."

"कोण?" काका.

"हा, छत्रीवाला. इथे तो घाई करतो. पियानोच्या आधीच आत शिरतो आणि मग उगाच लांबवत उभा राहतो, पियानो येईपर्यंत. ऐकलंत? आत्ता!"

मी हा अल्बम लहानपणापासून ऐकत आलेय. मला हे कधीच कळलं नव्हतं.

"चूक ठेवून तसंच विकलं?" काकांमधला बँकवाला जागा झाला.

"माझा तर त्यावरच जीव," आत्या म्हणाली.

"सुतार गेला?" मी विचारलं.

"नाही गं. तोच आहे. करवत आहे, भांडी आहेत." ती शब्द शोधत होती. "खूप वर्षांनी कुणी भेटावं ना, टक्कल पडलेलं, दात गेलेले, आवाज बसलेला... आणि आपण म्हणावं, अरे, तू!" तिने डोळे पुसले नाहीत, नुसता चष्मा वर-खाली केला. "काका, जरा मागे घ्या. गाडी नाही, गाणं."

काका बटणांशी झटापट करून मागे गेले. तो पुन्हा घाईघाईने आत शिरला, पुन्हा लांबवत उभा राहिला. आत्या आवाज न करता हसली. मग तिने ब्रेकवरचा पाय काढला.

"चला काका. आरसा बघा, इशारा द्या आणि निघा. तो वाजू दे."