मिस्टेक की फॉल्ट

आमच्या मामेसासऱ्यांना बसलेलं पाहिलंय असा माणूस बेळगावपासून निपाणीपर्यंत शोधून सापडायचा नाही. माझी स्कूटर धरायची नाही. तिथे ते बसलेले असले तरी फिरतच असतात. चहा उभ्याने, पेपर उभ्याने, आणि बेळगावात आमच्याकडे आले की हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत येरझाऱ्या. त्यांची भाची, म्हणजे माझी बायको, आता कपबशी घेऊन त्यांच्यामागे धावत नाही. कप फ्रिजवर ठेवते. चौथ्या फेरीला तो रिकामा झालेला असतो. रिटायर झाल्यावर मामांनी निपाणीत इंग्रजीचा क्लास काढला आणि पायाला ही भिंगरी लागली. अर्थाने सारखे वाटणारे दोन इंग्रजी शब्द समोर आले, की कुठला कधी वापरायचा हे कळेपर्यंत त्यांच्या जिवाला चैन नसतं. डिक्शनरीवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. "शब्द तिथं नुसता ऱ्हातोय, जावईबापू. नांदतोय कुठं ते बघाय पायजे," म्हणतात, आणि बघायला निघतात. 'ट्रिप' आणि 'जर्नी'चा वाद त्यांनी भर गर्दीत बसच्या कंडक्टरपुढे मांडला. तो म्हणाला, "ट्रिप माझी, जर्नी तुमची. मागं सरका." मामांनी ते वहीत लिहिलं, साक्षीदार म्हणून त्याचा बिल्ला नंबरही टिपला, आणि त्या खुशीत संकेश्वरलाच उतरले. काम बेळगावात होतं.

या वेडाचा प्रसाद मलाही मिळालाय. माझ्या लग्नाची इंग्रजी पत्रिका सासूबाईंनी, म्हणजे मामांच्या धाकट्या बहिणीने, मोठ्या हौसेने छापून घेतली होती. तिच्यावर 'मॅरेज' असं होतं. सासूबाईंच्या गावी, येळ्ळूरच्या मांडवात पंगत बसली तरी मामा भरलेलं ताट हातात घेऊन उभे, आणि माझ्या वडिलांना समजावतायत, "वेडिंग एक दिसाचं, मॅरेज जन्माचं. जन्मभराला पावणं कसं बोलवणार?" वडील हसले, पण चार लोकांत सासूबाईंचा चेहरा पडला. "अण्णा, आज तरी गप बस की रं," त्या म्हणाल्या. मामांनी ताट खाली ठेवलं आणि चालते झाले. त्याला नऊ वर्षं झाली. आमच्याकडे ते महिन्यातून दोनदा येतात, पण अर्ध्या तासावरच्या येळ्ळूरला पाऊल टाकलेलं नाही. सासूबाई फोनवर विचारतात, "अण्णा आलता?" मामा खिडकीशी थांबून विचारतात, "येळ्ळूरात भात कापलं काय?" दोघंही त्यापुढे जात नाहीत. मला दोघांचाही राग यायचा, आणि दोघांची कीवही.

गेल्या महिन्यात क्लासातल्या एका मुलीने 'मिस्टेक' आणि 'फॉल्ट' यांतला फरक विचारला. मामा तीन दिवस झोपले नाहीत. चौथ्या दिवशी सकाळीच बेळगावात हजर. मला घेऊन खडेबाजारात गेले आणि एका वायरमनला चालू कामातून शिडीवरून खाली उतरवलं. त्याने डोकं खाजवलं. "मिस्टेक सॉरी म्हटलं की मिटती, सर. फॉल्ट तसा मिटत न्हाय. शिडी घिऊन त्याच्यापर्यंत जायालाच लागतंय."

मामांनी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं, आणि काहीच लिहिलं नाही. "गाडी काढा," म्हणाले.

"कुठं?"

"येळ्ळूर."

सासूबाई घराच्या पुढच्या सोप्यात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मामांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी आपला हेल्मेटचा बंद सोडत राहिलो. मामांनी अंगणात दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, "त्या दिवशीचं ताट ऱ्हायलंय माझं."

"गार झालं की रं ते," सासूबाई म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसत आत गेल्या.

मामा भिंतीला टेकून मांडी घालून बसले. दोन भाकऱ्या खाल्ल्या, तिसरी मागून घेतली. पत्रिकेचा विषय कुणी काढला नाही. वाढायला येताना सासूबाई चौकटीला धरून जरा थांबल्या, दम घेतला, मग पुढे आल्या. मामांनी ते पाहिलं.

परतताना वडगावाजवळ ते मागून माझ्या कानाशी वाकले. मग म्हणाले, "लई थकली हो ती, जावईबापू. आणि मी नऊ वर्सं नुसता फिरत बसलो."