तुळसाबाईचं वेगळं ताट

घाटंजीजवळच्या त्या गावात कापूस वेचण्यात तुळसाबाईचा हात धरणारं कोणी नव्हतं. दोन्ही हातांनी बोंडं रिकामी करायची, ओटी भरली की गाठोड्यात ओतायची, आणि तोंड सतत चालू. निम्मं बोलण्यानं, निम्मं खर्ऱ्यानं. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीवर घोटून केलेला खर्रा गालात धरला की दुपारपर्यंत भूक मरते, हे तिला तिच्या आईनं शिकवलं होतं. चाळीस वर्षं तिनं एकच गाल वापरला, आणि त्याच गालात गेल्या पोळ्याला पांढरा चट्टा उठला.

चट्ट्याची जखम झाली. दुखत नव्हती म्हणून चार महिने ती कोणाला दाखवली नाही. तिखट झोंबायला लागलं तेव्हा भाजी बिघडवली म्हणून सुनेलाच बोलली. शेवटी यवतमाळच्या दवाखान्यात तुकडा काढून तपासला, आणि कॅन्सर निघाला.

त्या दिवसापासून बाईनं आपलं ताट-पेला वेगळा केला. चार वर्षांची नात पायल मांडीवर यायला लागली की ‘दूर राह्य’ म्हणून ओरडायची. लेकरू रडायचं, आणि ही तोंड फिरवून डोळे पुसायची. तिचा नवरा नागोराव तसा शांत माणूस. पण कोपऱ्यातला तो पेला पाहून त्याचा आवाज चढला.

“माह्या बापानं धम्माची दीक्षा घेतली ते कायच्यासाठी? लय पेले वेगळे पाह्यले आपल्या लोकायनं. या घरात कोणाचा पेला वेगळा राह्यनार नाही!”

“तुमची गोष्ट मानाची हाय,” तुळसाबाई म्हणाली. “माही लेकराची हाय. माह्या उष्ट्यानं पोरीले झालं तं?”

उष्ट्यानं हे होतं की नाही, ते गावात कोणालाच ठाऊक नव्हतं. चौकशीला येणाऱ्या शेजारणीसुद्धा नाकाला पदर लावून उंबऱ्यापाशीच उभ्या राहायच्या, आणि वर काळजी करू नको म्हणायच्या.

ऑपरेशनच्या आधी मुलगा अश्वजित तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला. आपण किती जगू, हे तिनं विचारलंच नाही. तिचा पहिला प्रश्न पायलचा होता. डॉक्टरीण दारव्ह्याकडची, शेतकऱ्याच्या घरची पोर होती. तिनं उलटच विचारलं, “मावशी, कापसाच्या पऱ्हाटीची गळफांदी पाह्यली ना?”

“पाह्यली म्हंजे? जलमभर तोडली.”

“ती बाहेरून येते का?”

“कायले? झाडाचीच असते. बोंडं धरत नाही, नुसती झाडाचं खाऊन वाढते.”

“हे तसंच. आपलं अंग बारीक बारीक पेशींचं असते. जुन्या मरतात, नव्या येतात, पुरे झालं की वाढ थांबते. तंबाखूनं तुमच्या गालातल्या पेशी वर्षानुवर्षं पोळल्या. बिघडता बिघडता एक अशी बिघडली, की तिला थांबणंच माहीत राहिलं नाही. एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार. हे तुमच्याच अंगाचं आहे, मावशी. ताटातून नाही जात, मांडीवर घेतल्यानं नाही जात. वाढू दिलं तर मानेत उतरेल, म्हणून काढायचं.”

तुळसाबाईच्या छातीवरचा धोंडा उतरला. तिला रडूच आलं.

“म्हंजे माह्यापासून कोणाले होत नाही?”

डॉक्टरीण काही बोलणार, तोच तिचं लक्ष अश्वजितच्या लाल दातांकडे गेलं. “दादा, तीन बोटं उभी धरून तोंडात घाला बरं.”

अश्वजित हसला. दोन बोटं गेली. तिसऱ्यासाठी त्यानं जोर केला, डोळ्यांत पाणी आलं, तरी जबडा उघडेना.

“खर्ऱ्यानं जबडा आखडलाय. हा कॅन्सर नाही,” डॉक्टरीण हळू म्हणाली. “पण वाट तिकडचीच आहे. आजच सोडा. खर्रा कधीपासून खाता?”

उत्तर तुळसाबाईनं दिलं.

“पाचवीत होता. माह्यासंगं वेचनीले आलता. भाकर सरली होती, अन् हा भुकेनं रडे. मीच माह्या पुडीतला चिमूटभर देल्ला त्याले. मीच देल्ला, बाई.”

तिनं लेकाच्या खिशात हात घालून अर्धी पुडी काढली आणि टेबलावर ठेवली. त्यानं हात धरला नाही.

“माहा गाल कापा, नाही तं जबडा कापा, मले काही विचारू नोका,” ती म्हणाली. “पन याचं तोंड उघडून द्या.”