अक्काचा थांबलेला बाप्तिस्मा

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, माझी थोरली बहीण तेरहून येते. तेर ते धाराशिव एक गाडी, धाराशिव ते तुळजापूर दुसरी. मंगळवारी देवीच्या गर्दीत गाडीत उभं राहायलाही जागा नसते, म्हणून सोमवार. वय एकाहत्तर, दोन्ही गुडघे गेलेले. हातात कापडी पिशवी आणि पिशवीत शेतातलं काहीबाही. ओसरीवर बसते, पाणी पिते आणि विचारते, "झालं का रे तुझं?" मी म्हणतो, "न्हाय." मग आम्ही चहा पितो. पावणेदोन वर्षं हा कार्यक्रम चालू आहे, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा वीट आला आहे. तिलाही आला असणार. पण वीट आला म्हणून आमच्या घरात कुणी काही सोडल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

तिला माझ्याकडून एवढंच हवं आहे, की मी तिला माफ केलं असं म्हणावं. ते ऐकल्याशिवाय ती बाप्तिस्मा घेणार नाही. म्हणजे माझी बहीण ख्रिस्ती होणार की नाही, हे माझ्या तोंडातल्या एका शब्दावर येऊन अडलेलं आहे.

अक्का तिकडं कशी गेली ते सांगतो. भावजी, म्हणजे अक्काचे यजमान, धाराशिवच्या दवाखान्यात तीन आठवडे पडून होते. तिथली एक नर्स, ख्रिस्ती, ड्यूटी संपल्यावर घरी न जाता त्यांच्याजवळ बसायची. भावजी काही वाचले नाहीत. त्यानंतर अक्का त्या नर्सबरोबर रविवारच्या प्रार्थनेला जायला लागली. पत्र्याची शेड, आठ-दहा बाक, एक पेटी. आमच्याकडं सगळ्यांना एकच प्रश्न पडला, की हिला त्यांनी काय दिलं? मीही विचारलं. अक्का म्हणाली, "चहा देत्यात. तोबी फिका."

माझा विश्वास बसला नाही. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या देवीच्या सेवेतलं. चुलतभावांकडं अजून पूजेची पाळी आहे. मी मात्र मास्तरकी केली. छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत घासली. कुठलं उत्तर पोरानं स्वतः लिहिलंय आणि कुठलं शेजारच्याचं बघून, हे मला वही उघडताच कळायचं. अक्काचं हे उत्तर बघून लिहिलेलं आहे, असं माझं ठाम मत झालं. एकटेपणा आहे, कुणीतरी गोड बोललं, गेली. वर्षभरात परत येईल.

शिवाय तिचंही धड नव्हतं. आईच्या मागं घरातली परडी तिच्याकडं होती. मंगळवारी ती वेताची टोपली घेऊन पाच घरी जोगवा मागायचा, हे तिनं चाळीसेक वर्षं केलं. एक दिवस परडी फडक्यात बांधून घेऊन आली आणि म्हणाली, "तुमच्या देवघरात असू दे. मला टाकवंना." मी लगेच पकडलं. "मन अजून हिच्यात आहे, आणि म्हणे ख्रिस्ती होणार!" ती म्हणाली, "आईची हाय. आईला कोण टाकतंय का?" बायकोनं परडी खुंटीला अडकवली. अजून तिथंच आहे.

मग तो सोमवार आला. बाप्तिस्मा घ्यायचा म्हणणाऱ्यांना त्यांचे पाळक, म्हणजे तिथले उपाध्याय म्हणा, एक काम सांगतात: आपण कुणाचं वाईट केलंय ते आठवा, त्याच्याकडं जा, कबूल करा. बाकीचे म्हणे आठवड्यात येऊन 'झालं' म्हणून सांगतात. अक्का तीन महिने हिंडली. शेजारीण झाली, सून झाली, एक जाऊ झाली. शेवटी आमच्या ओसरीवर आली.

इथं थोडं मागं जायला हवं. अकरा वर्षांपूर्वी माझ्या लेकीचं लग्न परंड्याच्या एका घरात ठरलं होतं. साखरपुड्याला आठ दिवस उरले असताना निरोप आला, जमणार नाही. पोरीला लहानपणी फिट यायच्या, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. नवव्या वर्षी तिला तीनदा फिट आली, तीन वर्षं गोळ्या झाल्या, पुढं काही नाही. घराबाहेर हे दोघांनाच माहीत होतं. एक अक्का आणि दुसरा माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. मेहुणा परंड्याचा, स्थळही परंड्याचं. मला आणखी पुरावा लागला नाही. अक्काचं नाव तर मनातही आलं नाही.

गाडी धरून मी परंड्याला गेलो. मेहुण्याच्या दारात, सासऱ्यांच्या देखत, सगळी गल्ली ऐकत असताना त्याला नाही नाही ते बोललो. तो हात जोडून म्हणत होता, "दाजी, देवीशप्पथ, मी न्हाय." मी म्हणालो, या दारातलं पाणी आता मला वर्ज्य. त्यानंतर मी त्या घरी गेलो नाही. दोन वर्षांनी सासरे वारले, तेव्हाही स्मशानातून परस्पर परत आलो. बायको भाऊबीजेला एकटी जाते आणि त्याच दिवशी संध्याकाळी येते. तिथं काय झालं हे ती सांगत नाही आणि मी विचारत नाही.

तर अक्का ओसरीवर बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "पोरीच्या स्थळाचं म्या सांगितलं व्हतं. त्या पोराच्या मावशीला, एका लग्नात. माझ्याकडनं वाईट झालं."

बायको भाकरी करता करता पिठाचे हात घेऊन दारात आली होती. ती आत गेली आणि बराच वेळ आतून भाकरी थापल्याचा आवाज आला नाही.

"का सांगितलंस?" मी विचारलं.

"कारण सांगत न्हाय. कारण सांगाय लागले की मी माझीच बाजू घेते."

"तुझ्या देवानं केलं ना माफ? मग माझ्याकडं कशाला आलीस?"

"त्याचं त्याच्यापाशी. तुझं तुझ्यापाशी."

मला भयंकर राग आला. लेकीचं पुढं चांगलं झालं, सोलापूरला सुखात आहे, एक मुलगी आहे. जखम भरली होती. हिनं स्वतःला हलकं वाटावं म्हणून खपली काढली. हा कसला धर्म, ज्यात एकाच्या शुद्धीसाठी दुसऱ्यानं पोळून घ्यायचं? त्या दिवशी मी तिला जेवायलाही म्हटलं नाही. निघताना तिनं सांगितलं, "तू माफ केल्याबिगर मी बाप्तिस्म्याच्या पाण्यात उतरणार न्हाय. पुढच्या महिन्यात येते."

आणि इथं मी माझ्याविषयी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. चुलतभावांनी 'अक्काला आवर, लोक हसायलेत' म्हणून माझा पिच्छा पुरवला होता. आता तिला आवरायला मला भांडायचं नव्हतं, समजवायचं नव्हतं. महिन्यातून एकदा फक्त नाही म्हणायचं होतं. राग खरा होता. पण पुढं पुढं राग कमी झाला आणि नाही म्हणण्याची सोय तेवढी राहिली.

लेकीला अक्कानं फोनवर आधीच सांगितलं होतं. लेक मला म्हणाली, "मी आत्याला म्हटलं, जाऊ दे. मला आता त्या मुलाचा चेहराही आठवत नाही, बाबा. तुम्ही कशाला धरून बसलाय?" मी म्हणालो, तुला कळायचं नाही.

सात-आठ महिन्यांनी पाळक स्वतः आले. जुन्या स्कूटरवर, घामाघूम. मला वाटलं, आता हा माणूस गोड बोलणार. पण ते माझ्यापेक्षा थकलेले होते. म्हणाले, "गुरुजी, मी कुणाला घाई करत नाही. घरात आजारपण आलं की लोक येतात. बरं झालं की येत नाहीत. नाही बरं झालं तरी येत नाहीत. खरा कोण, हे मलाही सांगता येत नाही. तुमच्या अक्कांना मी म्हणालो, तुम्ही गेलात, बोललात, तुमच्याकडचं झालं. समोरच्यानं काय म्हणावं हे तुमच्या हातात नाही. पण ऐकत नाहीत. नवस फेडल्यासारखं धरून बसल्यात."

मला हसू आलं. हे त्यांना कोण समजावणार? आमच्या गावात लोक वेशीपासून देवळापर्यंत दंडवत घालत जातात. दगडांवर गुडघे फुटले तरी मधली चार पावलं कुणी चालून उरकत नाही. मी दहा वर्षांचा असताना मला टायफॉइड झाला होता, तेव्हा सोळा वर्षांच्या अक्कानं माझ्यासाठी तसेच दंडवत घातले होते. आता ती नव्या देवाकडं निघाली होती, तीही जुन्याच पद्धतीनं. पाळकांनी जाता जाता आणखी एक सांगितलं. प्रभुभोजनाला, म्हणजे त्यांच्या प्रसादाला म्हणा, भाकरीची थाळी बाकाबाकानं फिरते; तुकडा बाप्तिस्मा झालेल्यांनीच घ्यायचा. अक्का शेवटच्या बाकावर बसते, थाळी हातात घेते आणि तुकडा न घेता शेजारणीला देते.

ते गेल्यावर बायको पहिल्यांदा बोलली. "वन्संचं ऱ्हाऊ द्या. परंड्याचं काय करायचं?"

मी म्हणालो, "जाऊ कधीतरी." मेहुण्याचा काही दोष नव्हता हे तर आता उघडच होतं. कळलं असेलच त्याला, बायकोनं सांगितलं असेल. मुद्दाम जाऊन काय बोलायचं? असं म्हणून मी ते ठेवून दिलं. या वयात कुणाच्या दारात उभं राहून मान खाली घालायची म्हणजे काय, हे तुम्हाला त्या वयात आल्यावरच कळेल.

परवाच्या सोमवारी अक्का आली तेव्हा पिशवीत हरभऱ्याचा डहाळा होता. पायरी चढताना तिचा पाय लटपटला, आणि ती तिथंच पायरीवर बसून राहिली. दम लागला होता. मी पाणी नेलं. तिनं तांब्या तोंडाला लावला, खाली ठेवला आणि विचारलं, "झालं का रे तुझं?"

मी थकलो होतो. तिला बघून थकलो होतो, आणि माझ्या नाही म्हणण्यानंही.

"झालं," मी म्हणालो. "माफ केलं तुला. जा, घे तुझा बाप्तिस्मा."

मला वाटलं, रडेल. निदान देवाचं नाव घेईल. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

"परंड्याला गेलतास का?"

"त्याचा इथं काय संबंध?"

"तुझ्या मनातनं ती गोष्ट खरंच गेली असती, तर आधी तिकडं गेला असतास. तुला माझा कटाळा आलाय. कटाळ्याची माफी मला नको." तिनं पायरीला हात टेकला आणि उठली. "पुढच्या महिन्यात येते."

छत्तीस वर्षं मी पोरांच्या वह्या तपासल्या, आणि एका पायरीवर बसून माझी वही तपासली गेली. पावणेदोन वर्षं ती ज्यासाठी दोन-दोन गाड्या बदलत आली, ते मी आयतं हातात दिलं होतं. ते खोटं आहे म्हणून तिनं परत केलं. तिला काय दिलं त्यांनी, हा प्रश्न मला त्या क्षणानंतर पडलेला नाही.

बायकोनं आग्रह केला तेव्हा ती दोन घास जेवली आणि दुपारच्या गाडीनं गेली. तिला स्टँडवर सोडून मी घरी आलो. बायको ओसरीवर डहाळा सोलत बसली होती. मी तिच्यासमोर बसलो आणि लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच म्हणालो, "माझं चुकलं."

तिनं वर पाहिलं नाही. "मला कशाला सांगताय? बार्शीची गाडी सकाळी सातला हाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्या गाडीत होतो. ती खिडकीला बसली. मी वाटभर मनात जुळवाजुळव करत होतो. स्थळ तुमच्याच गावचं होतं. माहीत दोघांनाच होतं. बापाचं काळीज आहे, माणूस बोलून जातो. माझी तयारी चांगली झाली होती. बार्शीला उतरून परंड्याची गाडी लागायची वाट बघत उभे होतो, तेव्हा तिनं विचारलं, "काय म्हणणार तिथं गेल्यावर?"

"अक्का म्हणाली तेवढंच," मी म्हणालो. "माझ्याकडनं वाईट झालं."

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"मग कारण सांगत बसू नका," ती म्हणाली.