दादाचा उशीर

वाजवायच्या कीबोर्डच्या मागं पाच पिनांची गोल भोकं असतात. एकाशेजारी 'इन' लिहिलेलं असतं, एकाशेजारी 'आउट'. कॉम्प्युटरकडून आलेल्या वायरचं 'आउट' लिहिलेलं टोक कीबोर्डच्या 'इन'मध्ये घालायचं आणि 'इन'चं 'आउट'मध्ये. मी मात्र इनला इन आणि आउटला आउट लावून दोन रविवार बसले होते आणि काहीच वाजेना म्हणून दादावर ओरडत होते. ओरडायला दादा बरा होता. नुसता हसायचा.

नव्वदीची अखेर असेल. लग्न होऊन मी शिरूरला आले होते आणि एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. रविवारी क्लास बंद असायचा आणि किल्ली माझ्याकडं. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, दौंडला आमच्या घरी राहायचा. वरवंडच्या पुढं हायवेला एक शेड होतं, तिथं तो प्रेसवर पत्रे कापायचा आणि लग्नसराईत दौंडच्या एका ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचा. ऑर्केस्ट्रातले दोघं वाजवणारे पुण्याला निघून गेले, तेव्हा त्यांचा वाटा कॉम्प्युटरनं वाजवावा असं याच्या डोक्यात आलं. मग दोन कीबोर्ड गोधडीत गुंडाळून तो एसटीनं शिरूरला यायला लागला. कंडक्टर विचारायचा, "पेशंट हाय का काय?"

नऊ वाजता येतो म्हणायचा आणि बाराला उगवायचा. स्वतःच्या हळदीलाही तो सगळ्यांत शेवटी आला होता. परतीची पाचची दौंड गाडी त्याला कधी म्हणजे कधीच मिळाली नाही. मग मुक्काम आमच्याकडं. सोमवारी त्याची दुसरी पाळी असायची, त्यामुळं चालून जायचं. माझे मिस्टर म्हणायचे, "रविवारी मेव्हण्यांच्या भाकरी धरूनच पीठ मळत जा."

वाजवतानाही तसाच. ताल पुढं जायचा आणि दादाचा उजवा हात चप्पल घालायला मागं राहिल्यासारखा किंचित मागून यायचा. ऐकणाऱ्याला वाटायचं, आता हा चुकणार. आणि तो चुकायचा नाही. लोक त्याच्यासाठी थांबायचे ते एवढ्याचसाठी, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

तिसऱ्या रविवारी वायरी जुळल्या. कॉम्प्युटरकडून पहिल्या कीबोर्डला, आणि त्याच्या 'थ्रू' नावाच्या तिसऱ्या भोकातून दुसऱ्याला. मी दादाला समजावून सांगितलं की कॉम्प्युटर यात आवाज साठवत नाही. कुठली पट्टी दाबली, कधी, किती जोरात आणि कधी सोडली, एवढंच तो लक्षात ठेवतो. आवाज कीबोर्डचा.

"म्हंजी ह्यात माझी बोटंच ऱ्हाणार की."

"व्हय. बोटंच."

त्यानं हात पँटला पुसले आणि वाजवायला बसला. नवरी निघताना वाजवायची एक धून त्यानं स्वतः बसवली होती, ती एका दमात वाजवली. मी ती फ्लॉपीवर घेतली. तो दुसऱ्या दिवशी कीबोर्ड घेऊन गेला.

त्याच दुपारी मोकळा तास होता, म्हणून मी ती फाइल उघडली. पडद्यावर उभ्या रेघा असतात आणि प्रत्येक सूर म्हणजे एक ठोकळा. दादाचा एकही ठोकळा रेघेवर नव्हता. मला वाकडं सहन होत नाही. चादरीची सुरकुती दिसली तरी माझं डोकं फिरतं. मी सगळे ठोकळे धरले आणि 'क्वांटाइझ' दाबलं. आमच्या आजोबांनी मेंढरं रस्त्याच्या कडेला घ्यावीत तसे सगळे झटक्यात रेघेला लागले. फार बरं वाटलं. त्याच नावानं, त्याच फ्लॉपीवर ठेवलं आणि कॉम्प्युटर बंद केला. ऐकलं नाही. ऐकणार कशावर? कीबोर्ड गेले होते आणि क्लासच्या कॉम्प्युटरला स्पीकर नव्हते.

गुरुवारी क्लासवर फोन आला. दादाच्या उजव्या हाताची तीन बोटं प्रेसमध्ये गेली होती. शेडमधला माणूस म्हणाला, "हात काढाया उशीर झाला त्यांला." एवढंच.

मी दौंडला गेले. वहिनी रडत होती. मला रडू आलं नाही, राग आला नाही, काहीच आलं नाही. आल्यागेल्याला चहा करत होते आणि साखर किती घालू विचारत होते. पुढचे चार महिने असेच गेले. क्लासमध्ये शिकवत होते, पण काय शिकवलं ते आठवत नाही.

मग एका रविवारी बाराला दादा दारात. गोधडी डाव्या खांद्यावर. वायरी त्यानंच लावल्या, डाव्या हातानं, एकही न चुकता.

"लाव माझी बोटं."

मी लावली. धून वाजली. सूर तेच, जोर तोच, आणि प्रत्येक सूर अगदी वेळेवर. दादानं शेवटपर्यंत ऐकलं.

"कुणी वाजवलं ह्ये?"

"तूच की."

"मी असा येळेवर कवा आलो गं?"

मग मी सांगितलं. सांगतानाही आवाज सपाट, हजेरी घेतल्यासारखा. त्यानं विचारलं, "माघारी न्हेता येतं का?" मी म्हणाले, येत नाही. पण एकेक ठोकळा हातानं मागं सरकवून बघता येईल.

आम्ही बसलो. मी ठोकळा सरकवायची, तो डोळे मिटून ऐकायचा. "अजून मागं. लय झालं. जरा अलीकडं." डाव्या हाताची बोटं मांडीवर ठेका धरत होती. चारपर्यंत सुरुवातीच्या दोनच ओळी झाल्या. त्या वाजवल्या. उशीर होता, पण कुणीतरी दादाची नक्कल करावी तसा. दादा हसला. त्यानं मला शिवी द्यावी असं फार वाटत होतं.

"बास," तो म्हणाला. "सरळच ऱ्हाऊ दे. लोकांस्नी बरं वाटंल."

आणि गोधडी बांधायला लागला. गाठ मी मारून दिली. म्हणाले, "ऱ्हा की. तुझं धरून पीठ मळलंय."

"गाडी चुकंल."

कीबोर्ड घेऊन मी त्याला स्टँडवर सोडायला गेले. पाच वाजायला वीस मिनिटं होती. दौंडची गाडी लागलेली होती. ड्रायव्हर नव्हता, कंडक्टर नव्हता, दुसरा एकही माणूस नव्हता, आणि दादा आत जाऊन बसला होता.