दफेदारांची सायकल

आमचं संस्थान नव्या मध्य भारत राज्यात विलीन झालं, घोडेस्वारांचा रिसाला मोडला. माझे वडील दफेदार संताजी वाघमोडे कॉलेजच्या मुलांना घोडेस्वारी शिकवू लागले. रीत मात्र रिसाल्याचीच. दिवसभर ओरडायचे, "टाच दे! नजर समोर!" आठवड्यात निम्मी मुलं पळाली.

"डरपोक साले!" आबा म्हणाले.

मी चिडले. "तुम्ही चौथ्या वर्षी घोड्यावर बसलात. भीती तुम्हाला काय माहीत? माझी सायकल शिकून दाखवा."

पन्नाशीचे आबा बड्या गणपतीच्या देवळासमोर तीनदा आपटले. मी ओरडत होते, "नजर समोर!"

"ओरडू नको, काही ऐकूच येत नाही!" ते खेकसले आणि स्वतःच्याच शब्दांवर थबकले. मग चौथ्यांदा चढले.

दुसऱ्या दिवशी कोपराला पट्टी बांधून ते एका भित्र्या मुलाच्या घोड्याशेजारून चालत होते. आवाज अगदी खाली.

"काल मीपण पडलो, भैया. सांग, भीती नेमकी केव्हा वाटते?"