नावाड्याच्या जेवणाची दोन मिनिटं चाळीस सेकंद

जमीन मोजणीच्या खात्यात मी सत्तावीस वर्षं काढली. मोजल्याशिवाय बोलायचं नाही, ही सवय तिथे लागली आणि माझ्यासोबत घरी आली. सिनेमा बघतानासुद्धा तो किती वाजता सुरू झाला आणि किती वाजता संपला, हे मला सांगता येतं. या सवयीपायी मी माझ्या थोरल्या बहिणीला एकदा भर घरात खोटं पाडलं. ती खोटीच होती, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

राजे, जादूगार, बोलणारी जंगलं असा एक परदेशी सिनेमा वीसेक वर्षांपूर्वी हिंदीत येऊन गेला. त्याचे तीन भाग होते. जळगावच्या थिएटरात मी प्रत्येक भाग तीनदा पाहिला. दुसऱ्या भागात एक म्हातारा नावाडी राजपुत्राला पुरातून पलीकडे सोडतो आणि मग पुन्हा दिसत नाही.

अक्का तेव्हा भुसावळला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायची. मेहुणे रेल्वेत होते. तिनं हा सिनेमा शेजारणीकडे डिस्कवर पाहिला. शेजारणीच्या भावानं तिन्ही भागांच्या डिस्कची पेटी परदेशाहून आणली होती. दुपारची भांडी आटोपली की दोघी बसायच्या. आठवडाभरात तिन्ही भाग झाले.

मे महिन्यात आम्ही सगळे धुळ्याजवळच्या आमच्या गावी जमायचो. त्या वर्षी अक्कानं पोरांना संध्याकाळी अंगणात हा सिनेमा सांगायला घेतला, आमच्या अहिराणीत. तिचा राजा सकाळी उठून ताक प्यायचा आणि राक्षसांचं सैन्य कपाशीवरच्या अळीसारखं यायचं. पोरं पाणी प्यायलाही उठत नसत. चौथ्या संध्याकाळी तिनं सांगितलं की राज्याभिषेक झाल्यावर राजा एकटाच त्या नावाड्याची झोपडी शोधत जातो, जमिनीवर बसून त्याच्या ताटात भाकरी खातो, आणि म्हाताऱ्याला तो कोण ते अगदी निघताना कळतं.

मी ओट्यावर बसलो होतो. असं काही सिनेमात नाही, असं मी म्हणालो. ती म्हणाली, आहे. मी म्हणालो, मी तीनदा पाहिलाय. तिथे थांबायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी मी धुळ्याला जाऊन तिसऱ्या भागाची डिस्क भाड्यानं आणली आणि घरातल्या चौदा माणसांसमोर अथपासून इतिपर्यंत लावली. झोपडी कुठेच आली नाही. पोरं हसली, मोठेही हसले.

“मंग मी सपनमा देखं व्हई,” अक्का म्हणाली आणि कणीक मळायला आत गेली.

त्या संध्याकाळी पोरं तिच्याभोवती जमली तेव्हा तिनं त्यांना माझ्याकडे पाठवलं. मामाला विचारा, त्याला सगळं माहीत आहे. उरलेली गोष्ट मी सांगितली. अकरा मिनिटांत संपली, आणि त्यातली शेवटची चार मिनिटं ऐकायला एकच पोर उरलं होतं. त्यानंतर अक्कानं कोणालाच गोष्ट सांगितली नाही. पुढे तिला पाच नातवंडं झाली. त्यांनाही नाही. तिची सून एकदा माझ्या बायकोला म्हणाली होती की आईंना गोष्टी सांगताच येत नाहीत. ते ऐकूनही मला काही वाटलं नाही, हे इथे लिहून ठेवतो.

गेल्या दिवाळीत मुलीनं मला त्याच सिनेमाची जुनी पेटी आणून दिली. डिस्क लावायचं यंत्र आमच्याकडे अजून चालू होतं. पेटीवर वाढीव आवृत्ती असं छापलेलं होतं. मुलगी म्हणाली, बाबा, थिएटरात दाखवताना लांबतो म्हणून कापलेलं सगळं यात परत जोडलंय. सिनेमाला दोन लांब्या असू शकतात, हे मला त्या दिवशी कळलं. मी वही घेऊन बसलो. चार रविवार लागले. जिथे नवीन काही आलं तिथे वेळ टिपून घेतली. पहिल्या भागात सव्वीस जागा, दुसऱ्यात तेहेतीस. माझा आनंद पाहून बायको म्हणाली की लग्नाच्या व्हिडिओतसुद्धा तुम्ही एवढं लक्ष घातलं नव्हतं.

चौथ्या रविवारी दुपारी तिसऱ्या भागात झोपडी आली. राजा वाकून आत गेला, जमिनीवर बसला आणि म्हाताऱ्याच्या ताटात जेवला. दोन मिनिटं चाळीस सेकंद. मी ते तीनदा मागे नेऊन पाहिलं. अक्कानं सांगितलेला एकही तपशील चुकला नव्हता. फक्त म्हाताऱ्याच्या हातात भाकरीऐवजी पाव होता.

“वहीत काय लिहिताय? अक्कांना फोन करा,” बायको म्हणाली.

मी फोन केला. शेजारणीची पेटी बहुधा हीच होती, आपण दोघांनी वेगवेगळे सिनेमे पाहिले होते, चूक माझी होती, हे सगळं सांगितलं. मग ती म्हणाली, “बठ्ठासमोर पाडं व्हतं ना माले? मंग बठ्ठासमोर सांग.”

मेहुण्यांच्या निवृत्तीनंतर ती दोघं गावीच राहायला आली आहेत. थंडीत त्यांच्या शेतात भरताचा बेत असतो, तिचे ‘बठ्ठा’ म्हणजे सगळेच तिथे येतात. मी लॅपटॉप आणि डिस्क घेऊन गेलो. शेतात कपाशीच्या वाळल्या काटक्यांवर वांगी भाजत होती. त्या चौदांतले नऊ जण हजर होते, त्या वेळची पोरं आता स्वतः आईबाप झालेली. मी लॅपटॉप उघडायला लागलो तर अक्कानं झाकण बंद केलं. दाखवू नको, तोंडानं सांग, म्हणाली.

मी उभा राहिलो आणि सांगितलं. राजा नावाड्याच्या झोपडीत जेवतो हे सिनेमात आहे, त्या मे महिन्यात अक्का खरं बोलत होती आणि मी तिला खोटं ठरवलं. थोरला भाचा म्हणाला, मामा, मिनिटं नाही सांगितली? मी तीही सांगितली. सगळे हसले, आणि त्यांच्यात अक्का सर्वांत आधी हसली.

मग भाच्यानं तिच्याकडे गोष्ट मागितली. ती म्हणाली, आता आठवत नाही. वांगी सोलायला घेतली. धाकटी नात तिच्याजवळ सरकली आणि तिनं विचारलं, नावाडी म्हातारा झाला तेव्हा त्याला घरी कोणीच नव्हतं का?

अक्काचे हात थांबले. “व्हतं ना,” ती म्हणाली, “त्याले एक अक्का व्हती.” आणि तिथून तिनं नावाड्याच्या लहानपणापासून सुरुवात केली. त्याची पहिली नाव, ती बांधायला बहिणीनं दिलेलं बाभळीचं लाकूड. नातवंडं एकेक करून जवळ आली. भरीत वाढून झालं तरी कोणी घास घेईना.

यातलं काहीही साध्या आवृत्तीत नाही आणि वाढीवतही नाही. थोरल्या नातवानं माझ्याकडे वळून विचारलं, हे खरं शे का? मी म्हणालो, मला माहीत नाही, एवढा भाग मी पाहिलेला नाही.

“नही देखा ना तू, मंग चुपचाप भाकर खाय,” अक्का म्हणाली.

मी भाकरी मोडली. नाव आत्ता कुठे पाण्यात उतरत होती.